त्याच्या घरातली वेळ

आई वेळी-अवेळी फोन करते म्हणून परदेशातल्या पोराने तिच्यासाठी एक वेबपेज बनवलं. “पेज दिसायला तसंच राहील गं, पण उघडशील तेव्हा माझ्या घरातला सर्व्हर, म्हणजे माझा कॉम्प्युटर, त्यात माझ्याकडची वेळ भरेल. ती बघ, मगच फोन कर.”

तिची दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र. वेळ बघून ती निमूट फोन खाली ठेवायची.

आज दुपारी पेजवरही दुपारच होती; तिथली वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांत मिनिटाचाही फरक नव्हता. “बिऱ्हाड हलवून परत आला वाटतं कार्टा, न सांगता!” हरखून तिने फोन लावला.



“आई, इकडे मध्यरात्र आहे गं, नंतर बोलू,” तो म्हणाला, आणि पेजवरची त्याच्या घरातली भर दुपार बघत आई म्हणाली, “हो रे राजा, झोप.”