नवसाच्या प्रदक्षिणा

वैशाखातल्या टळटळीत दुपारी देवळाच्या फरशीवर बायका पाय उचलत पळत होत्या. द्वारकाबाई मात्र संथपणे नवसाच्या प्रदक्षिणा घालत होत्या.

“अहो, खाली तवा तापलाय, आणि तुम्ही जशा काही गादीवरून चालताय!” शेजारच्या मालूकाकू म्हणाल्या.

“देवी पावली हो,” द्वारकाबाई हसल्या. मणक्याचं हाड वाढून नस दाबतंय, असं डॉक्टर म्हणाले होते. कंबरेपासून दोन्ही टाचांपर्यंत अशी सळक जायची की रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, व्यायामही झाले. शेवटी त्यांनी देवीला साकडं घातलं, आणि गेल्या मंगळवारी दुखणं एकाएकी थांबलं. म्हणून आज अनवाणी नवस फेडणं चाललं होतं.

प्रदक्षिणा संपवून त्या पायरीवर टेकल्या. सून वृंदा पाय धुवायला तांब्या घेऊन वाकली आणि किंचाळलीच.

“आई, तळव्यांची कातडी सोललीय! कळलं नाही तुम्हाला?”

“नाही गं.”

वृंदाचा चेहरा पांढराफटक पडला. “डॉक्टरांनी बजावलं होतं ना, पाय बधिर झाले तर नस मरायला लागली समजा, एक दिवसही थांबू नका म्हणून?”

तिने हलक्या हाताने गार पाणी ओतलं. “झोंबतंय का?”

द्वारकाबाईंनी गाभाऱ्याकडे पाहून हात जोडले. “अंबाबाई, थोडं तरी दुखू दे गं,” त्या पुटपुटल्या.

वृंदा तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. त्यांना काहीच कळत नव्हतं.