पाचवा टप्पा

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून ती दिवसभर फाइलींमधल्या आजारांना कंप्युटरमध्ये कोड नंबर द्यायची. एकदा खिडकीशी एक सुतार आला आणि आईची फाइल पुढे सरकवून म्हणाला, "ताई, हे 'पाचवा टप्पा' म्हणजे काय हो?"

तिने फाइल उघडली. किडन्या जवळपास निकामी झाल्याचा तो कोड दोन वर्षांपूर्वी तिनेच टाकला होता.

"डॉक्टर काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, वय झालं की पाय सुजायचेच. आम्ही आपले निर्धास्त. आज सकाळपासून आई मला ओळखत नाहीये."

तिला स्वतःचीच किळस आली. फाइल उचलून ती तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, कंप्युटरला कळलं, वरच्या ऑफिसला कळलं, पण दोन वर्षं या आजींच्या घरी कुणी एका अक्षरानं सांगितलं नाही!"

साहेबांनी एकेक पान उलटून पाहिलं. बराच वेळ चुकचुकले.



"राहूनच गेलं की गं! बरं झालं लक्षात आणून दिलंस. 'नातेवाइकांना कल्पना दिली' असा शेरा टाकून दे, मागच्या तारखेचा."