काट्यावरचं कुंकू

बासष्ट साली बेंगळुरात मी जुनी मोटार घेतली आणि तिच्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा धसकाही घेतला. मोटार थांबली की काटा घसरे. मेकॅनिक सुब्बाराव म्हणाला, “तेल तापलं की पातळ होतं, सार. काटा स्वल्प घसरणारच.” मोटारीसोबतच्या माहितीपुस्तकातही तेच होतं, पण आपल्याला ते नीट समजलं नसेल असं वाटे आणि दर चौकात मी इंजिन बंद करून निवू देई. त्यापायी सासूबाईंची पुण्याची रेल्वे दोनदा चुकली आणि त्यांचा मुक्काम लांबला. आयुधपूजेला त्यांनीच मोटारीला हार घातला आणि त्या काट्याच्या काचेवर ओलं कुंकू जाड लिंपलं. “आज पुसायचं नाही, जावईबापू. रस्ता बघा.” संध्याकाळी त्या तासभर आधीच फलाटावर होत्या. परतताना माझं नख हळूच काचेकडे गेलं. शेजारून बायको म्हणाली, “बोलावू का आईला परत?”