तिसरा बिल्डर

दुसऱ्या बिल्डरनेही ‘प्रतिज्ञापत्रा’ची हाडं मोडली, तेव्हा नम्रताने कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावर सगळं ठीक दिसायचं, पण पीडीएफ तयार झाली की जोडाक्षरं सुटी होऊन इकडेतिकडे पडलेली. असा कागद कुणाला विकणार, कप्पाळ?

मुळशीत बिल्डर म्हटलं की लोक आधी सातबारा काढतात. नम्रताचे बिल्डर वेगळे. कोडची एक ओळही न लिहिता, नुसते चौकोन ओढून-सोडून वेबसाइट उभी करून देणारे. त्यावर तिला कायदेशीर कागद विकायचे होते: भाडेकराराचा मसुदा, खोली सोडण्याची नोटीस, प्रतिज्ञापत्र. गिऱ्हाइकाने प्रश्नांची उत्तरं भरायची, मशीनने कागद बनवून परस्पर ईमेल करायचा. एलएल.बी. होऊनही तिने मुद्दाम सनद घेतली नव्हती. वकिलाला जाहिरातीची बंदी, आणि हिचं दुकान तर जाहिरातीवरच चालणार. आयटी पार्काशेजारी माण गावात एक खोली भाड्याने घेऊन ती तिथेच राहायची आणि तिथेच काम करायची.

खरी टोचणी वेगळीच होती. तिचे वडील, आबा, पौडला तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत आले. आधी टाइपरायटरवर, मग लॅपटॉपवर. त्याच टायपिंगवर ती शिकली. आता त्यांचे गुडघे गेले, उन्हात बसवेना, म्हणून गेल्या महिन्यात तिनेच त्यांना टेबल उचलायला लावलं.

“आबा, हे सगळं आता मशीन करणार. तुम्ही घरी आराम करा.”

“बरं,” आबा म्हणाले. नंतर दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. एवढं करून मशीनच चाललं नाही, तर कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर उभं राहायचं?

उरला तिसरा बिल्डर. त्याच्या फुकट वापराचे चौदा दिवस तिने स्वतःच्या ईमेलवर मागेच चाचपण्यात घालवले होते. म्हणून तिने आबांच्या ईमेलवर नवं खातं उघडलं.

“आबा, मोबाईलवर एक आकडा आलाय, तो सांगा.”

त्यांनी सांगितला. का, कशाला, काही विचारलं नाही. तिने चौकोन ओढले, बाण जोडले, आणि खोट्या नावाने एक फॉर्म भरून बघितला.

वीस मिनिटं काहीच नाही. मग टुणकन ईमेल आला. ‘प्रतिज्ञापत्र’ अखंड! ‘द्वितीय पक्ष’ही धडधाकट! समास कसे आखल्यासारखे सरळ. नम्रताला इतकं हायसं वाटलं, की तिने खाली जाऊन एकटीनेच दोन प्लेट भजी खाल्ली.

मशीन जरा मंद होतं, दुपारच्याला तर फारच. पण दहा दिवसांत सोळा कागद गेले आणि एकातही चूक नाही. एका गिऱ्हाइकाने घाईत ‘भाडे’ऐवजी ‘भारे’ लिहिलं होतं, तर मशीनने ते आपणहून सुधारलं. हल्लीची मशीनं म्हणजे कमालच, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. मुख्य म्हणजे फोनवर आबांचा आवाजही टवटवीत येऊ लागला होता. आराम मानवला त्यांना, असं वाटून तिच्या मनावरचा धोंडाच उतरला.

तरी परीक्षा बाकी होती. माणच्या खोलीमालकांचे म्होरके हैबतराव. आयटी पार्कात जमीन गेल्यापासून ते खोल्या भाड्याने देत. सोमवारी त्यांनी सगळ्या मालकांना आपल्या ओट्यावर बोलावलं.

“म्याडम, चाळीस जण हाय आमी,” ते म्हणाले. “जमलं तर समद्यांचे कागद तुमच्याकडं. न्हाई जमलं तर च्या पिऊन राम राम.”

त्यांनी स्वतःच मोबाईलवर फॉर्म भरला. ‘आणखी काही’ या रकान्यात त्यांनी बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं: पानी एक दिसाआड येतं नंतर बोंब नको.

नम्रताने डोकावून तो रकाना वाचला. असलं काही मशीनला शिकवलेलंच नव्हतं. दहा मिनिटं झाली. चहा झाला. वीस झाली. कुणीतरी जांभई दिली.

पंचविसाव्या मिनिटाला हैबतरावांचा मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचलं: “पाणीपुरवठा एक दिवसाआड होतो याची भाडेकरूस पूर्ण कल्पना असून त्याबाबत पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.”

ओट्यावर एकच हशा उसळला.

“आयला! माज्या मनातलं वळाखलं की तुमच्या मशीननं!” हैबतराव मांडीवर थाप मारत म्हणाले. “उद्या सकाळी समदे फॉर्म भरत्यात. चाळीसच्या चाळीस.”

रस्त्यावर येईपर्यंत नम्रताचे डोळे भरून आले होते. सुटलो एकदाचे, असं मोठ्याने म्हणत तिने घरी फोन लावला. फोन आईने, गंगूबाईंनी उचलला.

“आई, जिंकलो! उद्या एका दिवसात चाळीस कागद! आबांना दे ना फोन.”

“चाळीस?” गंगूबाई हबकल्याच. “अगं, जरा बापाचा इचार कर. आत्ताच त्या पान्याच्या कागदापायी भरल्या ताटावरनं उठल्यात. तुजा फॉर्म त्यांच्या मोबाईलवर आला की लगीच टायपाया बसत्यात, आन् कागद झाला की त्येच गिऱ्हाइकाला ईमेल करत्यात. लेकीनं टेबल उचललं पर काम न्हाई काढून घेतलं, म्हनून लई खूश हायेत, त्ये खरं. पर चाळीस न्हाई व्हायचे एका दिसात. मानूस हायेत त्ये, मशीन न्हाई.”