चर्चवरचा कोंबडा

"पाइप सोड आणि वर बघ!" व्हर्ना ओरडली. "कोंबडा काय म्हणतोय?"

बर्लनं डोळ्यांवर हात धरला. चर्चच्या मनोऱ्यावर पत्र्याचा कोंबडा होता आणि त्याची चोच पश्चिमेच्या डोंगराकडं होती. वारा जिकडून येतो तिकडं कोंबड्याची चोच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्याच डोंगरामागं सकाळपासून जंगल पेटलं होतं.

"आपल्याकडंच येतंय," बर्ल म्हणाला.

व्हर्ना हादरली. पण ते तोंडावर दिसू देईल तर ती व्हर्ना कसली!

टॅलो गल्च हे सोन्यामागं धावत आलेल्यांनी वसवलेलं आणि सोनं संपल्यावर टाकून दिलेलं गाव. चर्च, हॉटेल, दारूचा गुत्ता, घरं, सगळं लाकडाचं. दीडशे उन्हाळे खाऊन ते लाकूड असं वाळलेलं, की एक ठिणगी पुरे. नवरा गेल्यापासून व्हर्ना इथं फुकट राबत होती आणि बर्लसारख्या चारजणांना राबवत होती. नियम एकच. पडू द्यायचं नाही आणि नवंही करायचं नाही. भिंत तिरकी असली तर तिरकीच राहू द्यायची, मागून टेकू द्यायचा. एकदा एक हौशी बाई रंगाचा डबा घेऊन आली, तर व्हर्नानं तिची अशी खरडपट्टी काढली, की बाई डबा टाकून गेली.

कोंबडाही तसाच टिकवलेला. मेच्या वादळात तो कलला होता, पडायच्या बेतात होता. व्हर्नानं बर्लला मनोऱ्यावर चढवलं आणि खाली उभं राहून, शिव्या घालत घालत, त्याला सरळ करून घेतलं. आधी मेला दिवसभर कर्रकर्र करून डोकं उठवायचा. आता कसा शहाण्यासारखा गप्प.

गाव खोल खळग्यात. खाली वारा कुठून येतो ते धड कळायचं नाही. म्हणून खाणवाल्यांच्या काळापासून सगळे कोंबड्यालाच विचारत.

सून लोरीन सकाळी जेवणाचा डबा घेऊन आली होती, सोबत सहा वर्षांची टेस. आता ती पिकअपच्या दाराशी उभी होती, पण आत बसत नव्हती.

"आई, आम्ही इथंच थांबतो. खाणीच्या गिरणीखालच्या खडीच्या ढिगावर बसू. तिथं गवताची काडी नाही. जळणार काय?"

"आणि धुरानं गुदमरलात म्हणजे? डोकं आहे का खोकं? वारा पश्चिमेचा. आग डोंगर उतरून इकडं येणार, म्हणजे पलीकडचा रस्ता मोकळा. नीट घरी जा."

"पण तो रस्ता आगीच्या अगदी जवळून..."

"आगीच्या पाठीमागून! आग काय मागं वळून बघते? तुझ्या शहरात वारा पंख्यातून येतो, तुला काय कळणार. माझं ऐकायचं नसेल तर त्या कोंबड्याला विचार."

लोरीननं वर पाहिलं. मग लेकीला उचलून आत बसवलं.

"आजी, तू पण चल ना."

"मी आले तर चर्चवर पाणी कोण मारणार? तुझा बाप?" व्हर्नानं आपली गवती टोपी पोरीच्या डोक्यावर दाबली. टोपी नाकापर्यंत आली. पोर खिदळली. पिकअप धूळ उडवत डोंगराकडच्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

आता भ्यायला मोकळीक होती.

दोघं छपरं भिजवत राहिली. पंप खोकायचा, बंद पडायचा. बर्ल त्याला लाथ घालायचा. डोंगरामागं धुराची काळी भिंत उभी राहिली. सूर्य तांबडा झाला. कुठं काही कडाडलं की व्हर्ना दचकायची. वळून बघावं तर उन्हानं तडकलेली फळी.

"राख अजून पडली नाही बघ," बर्ल म्हणाला.

"पडेल. घाई आहे का तुला?"

"घाबरलीस?"

"मी? छट्! गुडघ्यांना जरा थंडी वाजतेय."

मग डोंगरामागून घरघर ऐकू आली, मालगाडीसारखी. व्हर्नानं पाइप छातीशी धरला आणि डोळे मिटले. आता आली. आता शिखरावर दिसेल. आता.

घरघर वाढली, कितीतरी वेळ तशीच राहिली, आणि मग हळूहळू लांब गेली.

बर्लनं आधी टोपी काढली. "अगं, वाचलो."

"वाचलं!" व्हर्ना हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "गाव वाचलं रे! लोरीन घरी पोचून माझ्या नावानं बोटं मोडत असेल. मोडू दे. आज मोडू दे!"

खात्री करून घ्यायची म्हणून शिडी लावून ती चर्चच्या छपरावर चढली. दिवसभरात पहिल्यांदा खळग्याच्या वर डोकं निघालं.

वारा तिच्या मानेवर येऊन आदळला. पाठीमागून. पांढरे केस उडून डोळ्यांपुढं आले आणि डोंगराच्या दिशेनं फडफडत राहिले. डोंगरापलीकडं धूर सगळाच्या सगळा तिकडं वाकला होता, घरच्या रस्त्यावर.

तिनं वर पाहिलं. कोंबड्याची चोच अजून पश्चिमेलाच होती. कर्र नाही की कुर्र नाही.

"बर्ल," तिनं छपरावरून हाक मारली. "मे महिन्यात तू ह्याला काय केलंस?"

बर्ल शिडी धरून खाली उभा होता. तो अभिमानानं हसला.

"तूच वरडत होतीस ना, हा जागचा हलता कामा नये म्हणून? आरपार बोल्ट मारलाय, राणीसरकार. जन्मात हलायचा नाही."