मायट्रलबाईची मर्मर

या माणसाने एका जित्याजागत्या बाईचं हृदय परीक्षेसाठी राखून ठेवलं होतं. बरं करायचं सोडून, राखून. आणि सगळं कॉलेज त्याला सर म्हणत होतं.

सर आत्ता खाटेच्या पायथ्याशी उभे होते, हात मागे बांधून. शेजारी दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक मॅडम. खाटेवर मायट्रलबाई. तिचं खरं नाव वॉर्डात कुणाला कधी लागलंच नाही. हृदयातली मायट्रल झडप आकसलेली, म्हणून मायट्रलबाई. पुस्तकात लिहिलीय हुबेहूब तशी मर्मर तिच्या छातीत वाजायची. ठोक्यामागून येणारी खोल घरघर. म्हणून दर परीक्षेला तिला बोलावणं जायचं आणि पोरं एकामागून एक तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावायची. एखादं फारच घाबरलेलं दिसलं तर तीच पुटपुटायची, "मला डाव्या कुशीवर वळव रे, म्हणजे येईल आवाज." वॉर्डाचा जिना चढताना मात्र ती मधेच पायरीवर बसायची. इलाजाचं काढलं की सर म्हणायचे, "गोळ्या घे. घाई काय आहे?"

घाई कसली? झडप उघडली असती तर पुढच्या पोरांना ऐकवणार काय?

हे तोंडावर विचारलं होतं एकाच मुलीने, गेल्या परीक्षेत. सरांनी उपचार विचारले. ती म्हणाली, "मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडायची, सर. मग हिची अजून का नाही उघडली?" सरांनी तिला सरळ नापास केलं. निकालानंतर वर ऐकवलंही, "आधी पास होऊन दाखव, मग लोकांची हृदयं उघड." बरोबरची पोरं पुढे निघून गेली. घरी वडील शेजाऱ्यांना सांगत राहिले की अभ्यासक्रमच लांबलाय. ती मात्र ते वाक्य दाताखाली धरून बसली होती.

आज ती सगळ्यांत शेवटी आत आली. बाहेर एक ज्युनिअर खुशीत म्हणाला होता, "ताई, चिंताच सोडा. मायट्रलबाईच आहे. मी तर कानात नळ्या घालायच्या आधीच उत्तर तयार ठेवलं होतं."

तिने तळवे चोळून गरम केले. "मावशी, हात लावते हं." मग तिने ऐकलं. कुशीवर वळवून ऐकलं. श्वास सोडून रोखायला सांगून ऐकलं. चार उठाबशा काढायला लावून पुन्हा ऐकलं. सर घड्याळाकडे बघायला लागले.

"झालं का? बोल. कसली मर्मर?"

"मर्मर नाही, सर."

"काय?"

"पहिला आवाज आहे, दुसरा आहे. त्यामागे एक बारीकशी टक आहे. घरघर नाही. कुशीवर नाही, उठाबशांनंतरही नाही."

सर हसले. मॅडमकडे वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच हिला गेल्या वेळी नापास केलं होतं. सकाळपासून प्रत्येक पोराला ऐकू आली मर्मर. मी स्वतः आधी ऐकलीय, मग केस लावलीय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हे बघ, अजून संधी देतो. नीट आठव. काय ऐकलंस?"

एक शब्द बोलली असती तर सुटली असती. मर्मर आहे, एवढंच. वडिलांना शेजाऱ्यांसमोर खोटं बोलावं लागलं नसतं.

"नाही, सर. घरघर नाही."

"मग ये पुढच्या परीक्षेला."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप कानात घातला आणि मायट्रलबाईच्या छातीवर वाकल्या. खूप वेळ वाकूनच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. पेशंटला विचारलं, "बाई, काही इलाज झालाय का तुमचा?"

"झाला की! मागच्या महिन्यात फुगा घातला, दुसऱ्या हॉस्पिटलात." मायट्रलबाई उठून बसली. "या पोरीनेच नेलं. आता जिना एका दमात चढते मी."

"मग इथे कशाला आलात?"

"बोलावणं आलं, आले. ही म्हणाली होती, मावशी, जा खुशाल. खोटं बोलू नका, पण विचारल्याशिवाय सांगूही नका." तिने पदर सारखा केला. "सकाळपासून कुणी विचारलंच नाही हो. सगळे नुसते ऐकून जातात आणि भरभर बोलतात."

मॅडमनी सरांच्या हातातला गुणांचा कागद काढून घेतला. वरपासून खालपर्यंत पाहिला. सगळ्या पोरांना नसलेल्या मर्मरीचे गुण मिळाले होते, भरघोस.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... वॉर्डात गडबड असते, मॅडम..."

मुलीने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. शिव्या तिने वर्षभर घोकून ठेवल्या होत्या, एकीचीही गरज पडली नाही. ती सरांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही सकाळी काय ऐकलंत?"