कुंकवाचं बोट

गावाकडं, देवगाव रंगारीच्या विहिरीत कोरडा गाळ. शहरात, चिकलठाण्यात ज्ञानेश्वरीच्या खोलीशेजारी नव्या इमारतीच्या स्लॅबवर टँकरचं पाणी. तिच्या शिक्षणासाठी घरच्या मेंढ्या विकून घेतलेला टचस्क्रीनचा लॅपटॉप.

लॅपटॉपसोबत आलेली ऑपरेटिंग सिस्टीम ज्ञानेश्वरीला नको होती. फुकटात मिळणारी तिला पुरत होती. महिनाभर ईमेल केल्यावर कंपनी त्या सिस्टीमचे पैसे परत द्यायला तयार झाली. अट एकच: स्क्रीनवर सिस्टीमच्या अटींखालचं ‘मान्य’ हे बटण कधीही दाबलेलं नसावं. त्या पैशांत तिची दोन महिन्यांची मेस भागणार होती.

कंपनीला पाठवायच्या फोटोसाठी तिनं लॅपटॉप सुरू केला आणि मोबाइल आणायला आत गेली. परत आली तेव्हा स्क्रीन पुढं सरकली होती. ‘मान्य’ होतं तिथं कुंकवाचं बोट उमटलेलं. शेजारी गावाहून आलेली आई.

"काय केलंस हे? गेले ना पैसे!"

"नवी वस्तू हाय, बाई. कुंकू नको लावाया?"

"माझ्या कशालाच हात लावत जाऊ नको!"

"नाय लावणार," म्हणत आईनं पदरानं स्क्रीन पुसली.



बाबा गेल्यापासून तीन वर्षांत आईनं कुंकवाची डबी पहिल्यांदाच उघडली होती.